सयाजीराव नावाचा घोडा

१/
१३ सप्टेंबर १९४७, शनिवार. भारत स्वतंत्र होऊन जेमतेम महिना लोटला होता. त्या दिवशी इंग्लंडमधील डोंकास्टरच्या मैदानावर ‘सेंट लेजर’ ही मानाची शर्यत एका घोड्याने अवघ्या डोक्याइतक्या अंतराने जिंकली. घोडा विलायती, त्याचे शिक्षणही विलायती. नाव मात्र अस्सल मराठी होते : सयाजीराव. मालक होते बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड.

२/
सयाजीराव हे नाव उच्चारताच मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर ग्रंथालये, सक्तीचे शिक्षण आणि शिष्यवृत्त्या येतात. महाराज सयाजीराव तिसरे यांना जाऊन त्या वेळी साडेआठ वर्षे झाली होती. नातवाने आजोबांचे नाव घोड्याला का दिले, तो घोडा किती धावला, त्याची संतती कुठवर पोहोचली आणि या साऱ्याचा खर्च कोणाच्या तिजोरीतून झाला, याचा हा दीर्घ थ्रेड. त्याची सुरुवात मात्र इंग्लंडात नाही, मुंबईत, महालक्ष्मीच्या मैदानावर होते.

३/
मुंबईत घोड्यांच्या शर्यती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून होत आहेत. पहिले मैदान भायखळ्याला होते. मुंबई ही तेव्हा अरबी घोड्यांच्या आयातीची मोठी बाजारपेठ होती. इराणी आखातातून गलबतांनी घोडे येत आणि त्यांतले निवडक शर्यतीत उतरत. शहर वाढले, भायखळ्याला दाटी झाली आणि १८८३ साली शर्यती महालक्ष्मीच्या सखल, दलदलीच्या जमिनीवर हलल्या. वरळीची खाडी बांध घालून अडवल्यानंतर वर आलेलीच ही जमीन. नव्या मैदानाचा आराखडा ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या कॉलफील्ड मैदानावरून घेतला होता.

४/
या मैदानाची जागा लक्षात घेण्यासारखी आहे. पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला धनिकांच्या बंगल्यांची टेकडी, आणि पूर्वेला रेल्वेचे रूळ ओलांडले की लोअर परळ, लालबाग, परळ, म्हणजे गिरणगाव. मैदान उभे राहिले त्याच दशकांत तिकडे गिरण्यांची धुरांडी वाढत होती. एका बाजूला मुंबईतील सर्वांत महाग करमणूक आणि दुसऱ्या बाजूला भोंग्यावर चालणारे आयुष्य, यांच्यामध्ये एका रेल्वेमार्गाचे अंतर होते.

५/
तरीही शर्यत ही केवळ संस्थानिकांची आणि साहेबांची राहिली नाही. १९१२ च्या मुंबई रेसकोर्स परवाना कायद्याने शर्यतींना सरकारी नियंत्रणाखालची अधिकृत मान्यता मिळाली. इतरत्र जुगार म्हणून पोलीस ज्याला पकडतील तीच पैज मैदानाच्या कुंपणाआत कायदेशीर ठरली. स्वस्त तिकिटाच्या भागात गिरगावातल्या चाळीतला कारकून आणि लालबागचा साचेवाला शेजारी उभे राहू शकत. शर्यतीच्या दिवशी पगाराची पुडी घरी पोहोचेल की नाही, ही अनेक घरांतील खरी चिंता होती. संयोजक ‘वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब’ला १९३५ साली ‘रॉयल’ ही पदवी मिळाली, पण क्लबची मिळकत मोठ्या प्रमाणात या सामान्य माणसाच्या पैजेवर उभी होती.

६/
पुढे जाण्यापूर्वी एक शब्द समजून घेऊ : थरोब्रेड. ही शर्यतीसाठीच घडवलेली घोड्यांची जात. सतराव्या-अठराव्या शतकांत पूर्वेकडून इंग्लंडात आणलेले तीन नर घोडे, बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन, हे तिचे मूळपुरुष. आजच्या प्रत्येक थरोब्रेडची पितृवंशावळ या तिघांपैकी एकाशी जाऊन मिळते. १७९१ पासून या वंशावळीची छापील वही ठेवली जाते. तिच्यात नोंद नसेल तर घोडा कितीही वेगवान असला तरी थरोब्रेड ठरत नाही. कृत्रिम रेतनाला येथे आजही परवानगी नाही.

७/
म्हणून शर्यतीच्या घोड्याची कारकीर्द दोन अंकी असते. पहिला अंक मैदानावर, दोन-तीन वर्षांचा. दुसरा अंक पैदासशाळेत, पंधरा-वीस वर्षांचा. पहिल्या अंकात मिळालेल्या विजयांवर दुसऱ्या अंकाची किंमत ठरते. इंग्लंडात तीन वर्षांच्या घोड्यांसाठी मैलाची ‘टू थाउजंड गिनीज’, दीड मैलाची ‘डर्बी’ आणि पावणेदोन मैलांहून थोडी अधिक लांब ‘सेंट लेजर’ या तीन शर्यती कसोटीच्या मानल्या जातात. भारतात याच नमुन्यावर ‘क्लासिक’ शर्यती बांधल्या गेल्या. डर्बी मुंबईला, सेंट लेजर पुण्याला.

८/
देशी पैदाशीच्या घोड्यांना खरे महत्त्व आले ते दुसऱ्या महायुद्धामुळे. समुद्रमार्ग धोक्याचे झाले, विलायती घोडे येणे थांबले आणि पुण्याच्या आसपासच्या पैदासशाळांकडे लक्ष वळले. १९४३ साली महालक्ष्मीला आजच्या मालिकेतील पहिली ‘इंडियन डर्बी’ झाली. ती जिंकली ‘प्रिन्सेस ब्युटिफुल’ या घोडीने. पाठीवर ऑस्ट्रेलियन जॉकी एडगर ब्रिट. मालक बडोद्याचे महाराज. त्याच वर्षी मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले आणि बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसे मेली. हे सारे एकाच वर्षाच्या इतिहासात शेजारी शेजारी नोंदलेले आहे.

९/
प्रतापसिंहराव १९३९ साली गादीवर आले. गायकवाडांचे घराणे घोड्यावरच मोठे झालेले. ‘सेनाखासखेल समशेरबहाद्दर’ हा त्यांचा परंपरागत किताब. पिलाजी आणि दमाजी यांनी गुजरात जिंकला तो मराठी घोडदळाच्या बळावर. दोन शतकांनंतर त्या घराण्यात घोड्याचे प्रेम उरले होते, घोडदळाचे प्रयोजन उरले नव्हते. ब्रिटिश सत्तेखाली लढाई बंद झाली. शर्यत हे संस्थानिकाला पराक्रम मिरवण्याचे मोकळे मैदान राहिले. राजपिपळ्याच्या महाराजांचा ‘विंडसर लॅड’ १९३४ साली इंग्लंडची डर्बी जिंकून गेला होता. बडोद्याला त्याहून मागे राहायचे नव्हते.

१०/
युद्ध संपताच संधी आली. इटलीत जन्मलेला ‘निअर्को’ हा त्या काळातील सर्वश्रेष्ठ घोडा होता. चौदा शर्यती धावला आणि चौदाही जिंकला. १९३८ साली तो ६०,००० पौंडांना इंग्लंडात आणला गेला. निअर्को आणि ‘रोझी लेजंड’ या घोडीचा मुलगा ‘दांते’ याने १९४५ ची डर्बी जिंकली. त्या विजयाचा आनंद ताजा असतानाच याच जोडीचे दुसरे शिंगरू, म्हणजे दांतेचा सख्खा धाकटा भाऊ, लिलावात आले. वय एक वर्ष. पाठीवर अजून शर्यतीचा जॉकी बसलेला नव्हता.

११/
१९४५ साली न्यूमार्केटच्या त्या लिलावात बडोद्याच्या महाराजांनी या शिंगराला २८,००० गिनी मोजल्या. ब्रिटनमधील लिलावात एक वर्षाच्या शिंगराला तोवर इतकी किंमत कधीच मिळाली नव्हती. शिंगरू धावेल की नाही, हे कोणालाच ठाऊक नव्हते. पैसे मोजले ते भावाच्या कीर्तीसाठी आणि बापाच्या रक्तासाठी. महाराजांनी त्याचे नाव ठेवले ‘सयाजीराव’. नातवाच्या दृष्टीने हा आजोबांचा गौरव होता. विलायतेतील पैज लावणाऱ्यांना ते नाव उच्चारताना जीभ वळवावी लागली, पण ते त्यांनी शिकून घेतले.

१२/
आता थोडा हिशेब. एक गिनी म्हणजे २१ शिलिंग. म्हणजे २८,००० गिनींचे २९,४०० पौंड झाले. त्या काळी रुपयाचा दर एक शिलिंग सहा पेन्स असा बांधलेला होता, म्हणजे एका पौंडाला सव्वातेरा रुपयांहून थोडे अधिक. त्या दराने या शिंगराची किंमत ३ लाख ९२ हजार रुपये होते. त्यात त्याचा दाणावैरण, मोतद्दार, ट्रेनर, जॉकी यांचा खर्च धरलेला नाही.

१३/
या रकमेचा अर्थ समजण्यासाठी परळला जावे लागते. १९१३ साली परळच्या पोयबावडीतील चाळीत राहणाऱ्या भीमराव आंबेडकर या तरुण पदवीधराला बडोदा संस्थानाने अमेरिकेत शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली : महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षे. एकूण ४१४ पौंड. एका शिंगराच्या किमतीत अशा ७१ शिष्यवृत्त्या बसतात. मधल्या तीस-बत्तीस वर्षांत पैशाची किंमत घसरली होती, हे जमेस धरले तरी तफावत डोळ्यांत भरते. एकच तिजोरी, एकच घराणे. आजोबांच्या नावाने चाललेले हे दोन खर्च.

१४/
येथे तोल सांभाळणे आवश्यक आहे. सयाजीराव तिसरे हे विरक्त नव्हते. लक्ष्मीविलास राजवाडा त्यांच्याच कारकिर्दीत उभा राहिला आणि युरोपच्या त्यांच्या वाऱ्यांवरही पुष्कळ खर्च झाला. शिष्यवृत्तीच्या करारानुसार बडोद्यात नोकरीला आलेल्या आंबेडकरांना १९१७ साली त्या शहरात राहायला साधी जागा मिळू शकली नाही, हेही त्याच राज्यात घडले. फरक आहे तो व्यवस्थेचा. आजोबांनी राज्याचा खर्च आणि खासगी खर्च यांच्यात रेषा आखली आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाला राज्याचे कर्तव्य मानले. नातवाच्या काळात ती रेषा पुसट झाली.

१५/
सयाजीरावचे शिक्षण ट्रेनर सॅम आर्मस्ट्राँग यांच्याकडे झाले. ते मूळ यॉर्कशायरमधील मिडलहॅमचे. महाराजांनी न्यूमार्केटची ‘वॉरेन प्लेस’ ही प्रशस्त पागा घेतली आणि आर्मस्ट्राँग तिथे आले. मुंबईत प्रिन्सेस ब्युटिफुलवर बसलेला एडगर ब्रिट आता इंग्लंडात बडोद्याच्या घोड्यांवर बसू लागला. महालक्ष्मीची जोडी अशी न्यूमार्केटला पोहोचली. युद्धाने थकलेल्या, शिधापत्रिकेवर जगणाऱ्या ब्रिटनमध्ये बडोद्याचा हा थाट वर्तमानपत्रांना खाद्य पुरवीत होता.

१६/
१९४७ चा हंगाम उजाडला. टू थाउजंड गिनीजमध्ये ‘ट्यूडर मिन्स्ट्रेल’ नावाच्या घोड्याने आठ लांबींनी विजय मिळवला. सयाजीराव तिसरा आला. पुढे लिंगफील्डची डर्बीपूर्व चाचणी त्याने जिंकली. मुख्य डर्बीला साऱ्या इंग्लंडचा पैसा ट्यूडर मिन्स्ट्रेलवर लागला होता. तो चौथा आला. फ्रान्सचा ‘पर्ल डायव्हर’ पहिला, आगाखानांचा ‘मिगोली’ दुसरा आणि सयाजीराव पुन्हा तिसरा. सर्वांत महाग शिंगरू हे चांगले खरे, पण सर्वोत्तम नव्हे, असे बोलले जाऊ लागले.

१७/
मात्र या दोन पराभवांत एक खूण दडलेली होती. मैलाच्या शर्यतीत सयाजीराव फार मागे पडला होता; दीड मैलात त्याच ट्यूडर मिन्स्ट्रेलला त्याने मागे टाकले. म्हणजे अंतर वाढेल तसा हा घोडा खुलत होता. त्याचे बळ झेपेत नव्हते, दमात होते. आर्मस्ट्राँग यांनी त्याला आयर्लंडला नेले आणि कुरॅगच्या मैदानावर त्याने आयरिश डर्बी जिंकली. आता उरली ती सर्वांत लांब क्लासिक, सेंट लेजर.

१८/
डोंकास्टरचे ते अंतर जवळजवळ तीन किलोमीटरचे. शेवटच्या सरळ पट्ट्यात दोन घोडे एकमेकांना भिडले : सयाजीराव आणि फ्रान्सचा ‘आर्बार’. आर्बारच्या दमाबद्दल शंका नको. पुढच्याच वर्षी त्याने अडीच मैलांचा अॅस्कट गोल्ड कप जिंकला. ब्रिटने सयाजीरावला अखेरपर्यंत धरून ठेवले आणि निकाल लागला एका डोक्याच्या अंतराने. तिसरा आला मिगोली. त्याचे मालक आगाखान तिसरे हेही मुंबई-पुण्यात वाढलेले, आणि त्यांच्या घराण्याची पागा आजोबांपासून मुंबईच्या शर्यतींत गाजलेली. यॉर्कशायरच्या मैदानावर त्या दिवशी जणू मुंबईचीच जुनी चुरस रंगली होती.

१९/
१९४८ मध्ये सयाजीरावने रॉयल अॅस्कटची हार्डविक स्टेक्स जिंकली आणि त्याचा मैदानावरचा अंक संपला. त्याच वर्षी बडोद्याच्या ‘माय बाबू’ या दुसऱ्या घोड्याने टू थाउजंड गिनीज जिंकून महाराजांना आणखी एक क्लासिक मिळवून दिली. लागोपाठच्या दोन वर्षांत इंग्लंडच्या दोन क्लासिक शर्यती. मराठी संस्थानिकाच्या पागेने इतके यश कधी पाहिले नव्हते. घरी मात्र याच वर्षी जमीन सरकत होती.

२०/
बडोद्याचे प्रजामंडळ जबाबदार राज्यपद्धतीची मागणी करीत होते. सप्टेंबर १९४८ मध्ये डॉ. जीवराज मेहता दिवाण झाले. परळला हे नाव परके नव्हते, के.ई.एम. रुग्णालय आणि सेठ जी.एस. वैद्यकीय महाविद्यालय यांचे पहिले अधिष्ठाता तेच. ज्या डॉक्टरने गिरणगावातील कामगारांसाठी उभ्या राहिलेल्या रुग्णालयाची घडी बसवली, त्याच्यावर आता एका श्रीमंत संस्थानाची घडी बसवण्याची वेळ आली होती. राज्याचे हिशेब तपासले गेले. महाराजांनी राज्याच्या तिजोरीतून बिनव्याजी कर्जाच्या नावाखाली मोठ्या रकमा उचलल्याचे दिसून आले आणि त्यांची परतफेड मान्य करून घ्यावी लागली.

२१/
१ मे १९४९ रोजी बडोदा संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. तनखा आणि पदवी राहिली, पण महाराजांनी संस्थानिकांची संघटना बांधून विलीनीकरणाविरुद्ध आवाज उठवला. १९५१ साली भारत सरकारने त्यांची मान्यता काढून घेतली आणि त्यांचे पुत्र फत्तेसिंहराव यांना गादीचे वारस मानले. ज्या नावावर शर्यतीची यादी छापली जात होती, त्या नावामागचे राज्य उरले नाही. घोड्याला अर्थात याची वार्ता नव्हती. त्याचा दुसरा अंक नुकता सुरू झाला होता.

२२/
पैदासशाळेत सयाजीरावने स्वतःचाच स्वभाव पुढे दिला. त्याची संतती उशिरा पक्व होणारी आणि लांब अंतराची. ‘ग्लॅडनेस’ ही त्याची मुलगी विन्सेंट ओब्रायन यांच्या तालमीत तयार झाली. १९५८ साली तिने अॅस्कट गोल्ड कप, गुडवुड कप आणि एबॉर हँडिकॅप अशा तिन्ही शर्यती मारल्या. ‘लिंक्रिस’ या दुसऱ्या मुलीने १९६० मध्ये आयरिश ओक्स आणि यॉर्कशायर ओक्स जिंकल्या. आयर्लंडच्या किल्डेअर परगण्यात ‘बडोदा स्टड’ नावाची पैदासशाळा आजही आहे. गायकवाडांच्या त्या दिवसांची ती भूमीवर उरलेली खूण.

२३/
१९६४ साली सयाजीरावचा मुलगा ‘इंडियाना’ डर्बीत दुसरा आला आणि पुढे सेंट लेजर जिंकला. बापाने जिंकलेली शर्यत सतरा वर्षांनी मुलाने जिंकली. दोनच वर्षांनी, १९६६ मध्ये, सयाजीराव मरण पावला. महाराज प्रतापसिंहराव त्यानंतर दोन वर्षांनी लंडनमध्ये वारले.

२४/
गोष्ट येथे थांबत नाही. इंडियानाला जपानला नेण्यात आले. १९७३ मध्ये ‘हायसेइको’ या घोड्याने साऱ्या जपानला वेड लावले होते. छोट्या स्थानिक मैदानावरून आलेला तो लोकांचा लाडका. त्याला जपानी डर्बीत हरवले ‘टेकहोप’ने, आणि शरदातील लांब अंतराच्या क्लासिकमध्येही पुन्हा हरवले. टेकहोप हा इंडियानाचा मुलगा, म्हणजे सयाजीरावचा नातू. बडोद्याच्या एका नावाचा धागा असा टोकियोपर्यंत गेला.

२५/
तरीही वंशाच्या बाजारात सयाजीरावची शाखा पुढे फार वाढली नाही. कारण सोपे आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पैसा लवकर पक्व होणाऱ्या, मैल-दीड मैल झपाट्याने धावणाऱ्या घोड्यांकडे वळला. तीन किलोमीटरचा दम कोणी विकत घेईना. निअर्कोचे रक्त आज जगभर पसरलेले आहे, पण ते मुख्यतः ‘नसरुल्ला’ आणि ‘निअर्क्टिक’ या त्याच्या दुसऱ्या मुलांच्या द्वारे. घोड्याची महती मैदानावर ठरते, पण त्याचा वंश बाजाराची चाल ठरवते.

२६/
आणि जे घोडे सयाजीराव नव्हते त्यांचे काय? शर्यतीतून निवृत्त झालेल्या बहुतेक घोड्यांना पैदासशाळेचे दार उघडत नाही. मुंबईत त्यांच्यापैकी काहींची वाट पुन्हा परळकडे गेली. १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेगच्या लशीसाठी सुरू झालेली प्रयोगशाळा १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते. तिथे घोड्याच्या रक्तातून धनुर्वातावरची आणि सर्पदंशावरची प्रतिद्रव्ये तयार केली जात. घोड्याला विषाची अल्प मात्रा टप्प्याटप्प्याने टोचायची. त्याचे शरीर प्रतिकारद्रव्य बनवते. मग थोडे रक्त काढून त्यातील द्रव वेगळा करायचा.

२७/
पुण्याच्या पूनावाला घराण्याची पैदासशाळा आपले निवृत्त घोडे हाफकिनला देत असे. आपल्याच घोड्यांच्या रक्तापासून औषध तयार होते तर ते स्वतःच का करू नये, या विचारातून सायरस पूनावाला यांनी १९६६ साली पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट स्थापन केली. १९६६ हेच सयाजीराव घोड्याच्या मृत्यूचे वर्ष. शर्यतीत कधीही पहिला न आलेला एखादा घोडा परळच्या तबेल्यात उभा राहून कोकणातल्या किंवा मराठवाड्यातल्या साप चावलेल्या शेतकऱ्याचा जीव वाचवत होता. त्याचे नाव कोणत्याही वंशावळीत ठळक अक्षरांत छापलेले नाही.

२८/
महालक्ष्मीचे मैदानही आता बदलत आहे. मैदानाचा भाडेपट्टा २०१३ साली संपला आणि जमीन कोणाची, कोणासाठी, हा वाद शहरात वर्षानुवर्षे चालला. २०२४ मध्ये सुमारे १२० एकर जागा सार्वजनिक उद्यानासाठी महापालिकेकडे देण्याचे आणि उरलेली ९१ एकर क्लबकडे ठेवण्याचे ठरले. रुळांच्या पूर्वेकडील गिरण्या केव्हाच बंद पडल्या. १९८२ च्या संपानंतर त्यांच्या जमिनींवर मनोरे चढले. डर्बी अजूनही फेब्रुवारीच्या सुमारास धावते.

२९/
‘सयाजीराव’ हे नाव दोन ठिकाणी टिकले. एक, थरोब्रेडच्या वंशावळीच्या वहीत : जन्म १९४४, पिता निअर्को, सेंट लेजर १९४७. दुसरे, १९४९ साली बडोद्यात स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात. त्याच्या पहिल्या कुलगुरू हंसा मेहता, दिवाण जीवराज मेहता यांच्या पत्नी. या विद्यापीठामागचा आजोबांच्या स्मरणार्थ स्थापलेला न्यासही प्रतापसिंहरावांच्याच हातून उभा राहिला, हे त्यांच्या खात्यावर जमा करावे लागते.

३०/
एकाच माणसाने आजोबांचे नाव घोड्यालाही दिले आणि विद्यापीठालाही. घोड्याने ते नाव सन्मानाने वागवले. धावला, दमला नाही, आणि त्याचे रक्त जपानपर्यंत गेले. प्रश्न घोड्याचा कधीच नव्हता. प्रश्न होता तो हिशेबाच्या वहीचा : बडोद्याच्या रयतेने भरलेल्या साऱ्यातून काय विकत घ्यायचे, हे ठरवणार कोण? १९४८ साली त्या प्रश्नाचे उत्तर रयतेने पहिल्यांदा स्वतः मागितले. सेंट लेजरचा तो करंडक जिंकणारा महाराज त्या वर्षीच्या हिशेबात हरला, आणि ती हार बडोद्याच्या इतिहासात त्या विजयाहून अधिक मोलाची आहे.

थ्रेड समाप्त.